सासूबाईंची शिफारस

धोरणबाई नेमकं काय काम करते, हे गल्लीत कुणालाच सांगता येत नसे. शिंप्याचं काम दिसतं, सुताराचं ऐकू येतं, पण आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या बाईचं काम ना दिसत ना ऐकू येत. नावामागे डॉक्टर लागलेलं, म्हणून लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा लोक घसा दाखवायला येत. ती त्यांना चहा पाजायची, कुठल्या दवाखान्यात गेला होतात, तिथे किती ताटकळत ठेवलं, औषध आत मिळालं की बाहेरून आणायला लावलं, हे सगळं खोदून खोदून विचारायची, आणि घसा न बघताच त्यांना वाटेला लावायची. असे बरेच जण कोरडे परत गेल्यावर कोपऱ्यावरच्या न्हाव्याने एकदा वैतागून विचारलं, "मग तुम्ही देता तरी काय?"

"धोरण," ती म्हणाली.

तेव्हापासून ती धोरणबाई झाली. नवऱ्याला ते नाव इतकं आवडलं की भांडण नसलं की तोही त्याच नावाने हाक मारायचा.

आता धोरण म्हणजे काही हवेतली गोष्ट नव्हे. एखाद्या आरोग्य केंद्रात नर्स असते, औषधं असतात, पण औषधांच्या कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाच्या खिशात असते. हे असं का होतं, एकाच ठिकाणी होतं की सगळीकडे, आणि होऊ नये म्हणून कुणी काय करावं, हे शोधून काढणं म्हणजे धोरणबाईचं काम. ती केंद्रांच्या बाकांवर जाऊन बसायची, रांगेतल्या बायकांशी गप्पा मारायची, कर्मचाऱ्यांची बोलणी खायची, आणि मग एक जाडजूड अहवाल लिहायची. अहवालाच्या शेवटच्या प्रकरणाला नाव असे 'शिफारशी'. वरचे अधिकारी तेवढंच प्रकरण वाचतात हे तिला लवकरच कळलं होतं. म्हणून ती ते वेगळं छापून घ्यायची, वर ठळक अक्षरांत 'शिफारशी' आणि खाली ज्यांनी अहवाल मागवला त्या कार्यालयाचा शिक्का. वाचून अधिकारी मान डोलवायचे, "फार उपयुक्त" म्हणायचे, आणि किल्ली त्याच खिशात राहायची.

तिच्या आजवरच्या शिफारशींपैकी एकच काय ती मान्य झाली होती. आरोग्य खात्यातल्या भरतीवर लिहिताना तिने म्हटलं होतं की ज्या उमेदवारासाठी कुणी शिफारस घेऊन येईल, तो उमेदवार बाद धरावा. मात्र उगाच कुणावर अन्याय नको, म्हणून शिफारस आणणाऱ्याला आधी बोलावून खातरजमा करून घ्यावी. या शिफारशीला छदामही लागत नव्हता आणि ओळखीपाळखीच्या लोकांचा ससेमिरा परस्पर चुकत होता, त्यामुळे खात्याने ती डोळे झाकून उचलली आणि सगळीकडे परिपत्रक पाठवलं. धोरणबाई त्या दिवशी नुसती हवेत होती.

हे सगळं ठीक, पण पोटापाण्याचं काय? तिथेच सगळी मेख होती. आजार सगळे इकडे आणि आजारांवर विचार करायच्या खुर्च्या सगळ्या राजधानीत. इकडे विभागात कुणाला धोरणाचा अभ्यासक हवाच असला तर एखाद्या प्रकल्पापुरता, प्रकल्प संपला की नमस्कार. सल्लागार हा शब्द ऐकायला भारदस्त आहे खरा, पण त्याचा अर्थ इतकाच की पुढच्या वर्षी आपण कुठे असू हे त्या माणसाला विचारू नये. त्यामुळे धोरणबाई महिन्यातले बरेच दिवस राजधानीत भाड्याच्या खोलीत काढायची आणि उरलेल्या दिवसांत घरी येऊन संसार करायची. नवऱ्याला तिकडे न्यावं म्हटलं तर त्याचं चष्म्याचं दुकान होतं. गावातल्या निम्म्या नाकांची मापं त्याला तोंडपाठ. ती नाकं सोडून तो कुठे जाणार?

राहिल्या सासूबाई. सासूबाईंची जीभ म्हणजे नवी कोरी कात्री. धोरणबाई घरी आली की पहिल्या तासातच त्यांचा पट्टा सुरू व्हायचा. ही आली की घरातली एक वस्तू जागेवर सापडत नाही. ही भाजीवाल्यालासुद्धा खोकला कधीपासून आहे विचारते आणि मागे रांग लागते. हिच्या कागदांनी कपाट भरलं, आता काय माणसांनी बाहेर झोपायचं? धोरणबाईही काही कमी नव्हती, ती मुद्देसूद उत्तर द्यायची, आणि मुद्देसूद उत्तरासारखी दुसरी कुठलीही गोष्ट सासूबाईंच्या डोक्यात जात नसे. परत जायच्या दिवशी सासूबाई दाराशी उभ्या राहून "जा बाई, जा एकदाची" म्हणायच्या. धोरणबाईला वाटायचं, सुटल्या बिचाऱ्या. तिने हे नवऱ्याला बोलूनही दाखवलं होतं. नवऱ्याने चष्मा पुसला आणि विषय बदलला.

अशात दोन गोष्टी एकदम घडल्या. राजधानीतल्या एका संस्थेने तिला कायमची नोकरी देऊ केली, पण अट अशी की मुक्काम तिकडेच हलवायचा, घरी येणं सुट्टीपुरतं. आणि त्याच सुमाराला विभागीय आरोग्य कार्यालयाने जाहिरात काढली. पद: धोरण संशोधक. जागा: एक. हे कार्यालय कुठे, तर नवऱ्याच्या दुकानासमोरचा रस्ता ओलांडला की. धोरणबाईने जाहिरात पुन्हा पुन्हा वाचली, कुठे तारीख चुकली नाही ना, जुनी तर नाही ना, हे बघितलं, आणि मग रडायलाच लागली. तिला घरी राहायचं होतं. रोज संध्याकाळी घरी येऊन भांडायचं होतं, इतकंच. ही जागा गेली तर असा योग पुन्हा येणार नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिने त्यावरही एक अहवाल लिहिला होता.

"शिफारस कुणाची लावणार?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, शिफारस अजिबात चालत नाही. उलट नुकसान होतं. कुणापाशी एक शब्द बोलायचा नाही तुम्ही."

"मी कशाला बोलतेय," सासूबाई म्हणाल्या. आणि खरोखरच त्यांच्या मनात बोलायचं नव्हतं.

पण त्याच आठवड्यात चादरी शोधायला त्यांनी ते कागदांनी भरलेलं कपाट उघडलं. चष्मेवाल्याची आई असूनही त्या चष्मा लावत नसत. आपले डोळे अजून ठणठणीत आहेत असा त्यांचा दावा होता, आणि मोठ्या अक्षरांपुरता तो खराही होता. कपाटात समोरच गठ्ठा, आणि प्रत्येक कागदावर मोठ्या अक्षरांत 'शिफारशी', 'शिफारशी', 'शिफारशी', खाली गोल गोल सरकारी शिक्के. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. एवढ्या मोठमोठ्या कार्यालयांनी या पोरीच्या शिफारशी केल्यात, आणि ही बया त्या चादरींखाली कोंबून म्हणते शिफारस चालत नाही! साधेपणा म्हणावा की खुळेपणा?

दुपारी मुलगा जेवायला गेला की दुकानात त्या बसत. त्या दिवशी मात्र तो अजून आतल्या खोलीत चष्म्याची काडी बसवत होता. काडी होती समोरच्या कार्यालयातल्या सहसंचालकांची. साहेब बिनचष्म्याचे, म्हणजे जवळजवळ आंधळेच, खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे हसऱ्या चेहऱ्याने बघत होते, कारण तिथे कुणी तरी उभं आहे असा त्यांचा समज झाला होता. सासूबाईंनी पिशवीतून गठ्ठा काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"घ्या. आमच्या सुनेच्या शिफारशी. तुमच्याकडे मुलाखतीला येतेय ती."

"अरे वा," साहेब म्हणाले. डोळ्यांवर चष्मा नसताना समोरच्याला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. अशा तऱ्हेने वाचू न शकणाऱ्या एकीने वाचू न शकणाऱ्या दुसऱ्याला कागद दिले, आणि साहेब ते काखेत मारून कार्यालयात गेले. तिथे आस्थापना विभागाच्या मॅडम होत्या, म्हणजे नेमणुका आणि नियम ज्यांच्या ताब्यात असतात त्या. त्यांनी विचारलं, "हे काय आणलंत?" साहेबांना ऐकलेलं तेवढं आठवलं. "मुलाखतीला येणाऱ्या त्या चष्मेवाल्याच्या बायकोच्या शिफारशी. तिच्या सासूने दिल्यात," ते म्हणाले. मॅडमनी गठ्ठा न उघडता कुलपात ठेवला.

मुलाखतीच्या दिवशी कार्यालयाच्या बाकावर नेहमीची मंडळी जमली होती. या धंद्यात जागा इतक्या कमी की एका जागेसाठी येणारे सगळे एकमेकांना लग्नात भेटणाऱ्या नातेवाइकांसारखे ओळखतात. मुलं काय करतात, प्रकल्प वाढला का, मागच्या वेळी कुणाला घेतलं, ते म्हणे साहेबांचेच भाचे निघाले. सगळे एकमेकांना मनापासून शुभेच्छा देत होते आणि त्या खोट्या नव्हत्या. फक्त आपलं व्हावं, मग इतरांचंही होवो, इतकाच त्यांचा अर्थ होता.

धोरणबाईची मुलाखत झकास चालली होती. विभागातल्या कुठल्या केंद्रात काय अडतं हे तिने असं सांगितलं की साहेब पुढे सरकून ऐकायला लागले. आता विचारण्यासारखं काही उरलं नाही असं वाटत असतानाच मॅडमनी कुलूप उघडलं आणि गठ्ठा टेबलावर ठेवला.

"या उमेदवारासाठी शिफारस आलेली आहे. परिपत्रकाप्रमाणे उमेदवार बाद होतो."

धोरणबाईच्या पायाखालची जमीन सरकली. मग तिने गठ्ठ्याकडे नीट पाहिलं, आणि तिला हसू आवरेना. "मॅडम, या मी केलेल्या शिफारशी आहेत. माझ्यासाठी केलेल्या नाहीत. माझ्या अहवालांची शेवटची प्रकरणं आहेत ही."

मॅडमनी पहिलं पान उघडलं, दुसरं उघडलं. तिसऱ्या पानावर त्या थबकल्या. "ज्या उमेदवारासाठी कुणी शिफारस घेऊन येईल," त्यांनी वाचलं. "म्हणजे तो नियम तुमचा?"

"माझाच."

"मग तुम्हीच सांगा. कागद कुठलेही असोत. आणणाऱ्या बाईंनी, म्हणजे तुमच्या सासूबाईंनी, ते कशासाठी आणले? 'शिफारस घेऊन येईल' असे तुमचे शब्द आहेत. घेऊन आल्या की नाही?"

आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय, हे धोरणबाईला त्या क्षणी पुरतं कळलं. वर तो इतका रेखीव धोंडा, की त्याला कुठे चीर नाही. नियम लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर बडे लोक होते, गाडीतून उतरणारे, फोनवर दम देणारे. चष्म्याच्या दुकानात बसणारी एक म्हातारी तिच्या डोक्यातसुद्धा आली नव्हती.

"खातरजमा करावी लागेल," साहेब घाईघाईने म्हणाले. "तेही लिहिलंय त्यात. आणणाऱ्याला बोलवावं." काडी त्यांचीच होती, त्यामुळे त्यांना जरा अपराधी वाटत असावं. त्यांनी दुकानात फोन लावला.

सासूबाई रस्ता ओलांडून आल्या. कशासाठी बोलावलंय हे मुलाने फोन ठेवून घाबराघुबरा होऊन सांगितलं होतं, तेवढंच त्यांना माहीत होतं. शिफारस म्हटली की सुनेची नोकरी जाते. त्या खुर्चीवर बसल्या, पदर सारखा केला आणि सुनेकडे अजिबात पाहिलं नाही.

"आजी, हे कागद तुम्ही दिलेत?" मॅडमनी विचारलं.

"मीच दिले."

"शिफारस म्हणून?"

"शिफारस?" सासूबाईंचा आवाज वर गेला. "शिफारस कसली डोंबलाची! मी तक्रार घेऊन आले होते."

साहेबांनी चष्मा सावरला. मॅडमनी लेखणी उचलली. "कुणाविरुद्ध? सुनेविरुद्ध?"

"सुनेविरुद्ध आहेतच, पण त्या माझ्या मी बघून घेते. ही तुमच्याविरुद्ध आहे. या पोरीने आमच्या भागातला एक दवाखाना सोडला नाही. कुठे डॉक्टर येत नाही, कुठे बाई अडली, सगळं हिला पाठ. जेवताना तेच, झोपेत तेच. आणि हिला बसायला तुमच्या एवढ्या मोठ्या इमारतीत एक खुर्ची नाही? आजारी आम्ही इथे पडायचं, आणि आमचा विचार करायला पोरीने घरदार सोडून लांब भाड्याच्या खोलीत राहायचं? हा कुठला न्याय?"

"आजी, तुम्ही जरा..." मॅडम म्हणाल्या.

"लिहा ना, थांबलात का? माझा मुलगा आहे मुखदुर्बळ. दिवसभर लोकांना आता दिसतं का, आता दिसतं का विचारतो आणि घरी येऊन भिंतीकडे बघत जेवतो. मी भांडायचं कुणाशी? ही असली की माझं तोंड चालतं, चार घास पोटात जातात. ही गेली की घर खायला उठतं मला." त्या थांबल्या. आवाज जरा फाटला होता, तो त्यांनी खाकरून सरळ केला. "दाराशी उभी राहून मी जा म्हणते. म्हणायला काय जातंय? गाडी चुकू नये म्हणून म्हणते. नंतर आत येऊन काय होतं ते मला माहीत. ही माझी तक्रार आहे. आता हिला ठेवा नाहीतर पाठवा, पण तक्रार लिहून घ्या."

धोरणबाई सासूबाईंकडे बघत राहिली. इतकी वर्षं ती रांगेतल्या अनोळखी बायकांना खोदून खोदून विचारत आली होती, कुठे दुखतं, कधीपासून दुखतं. घरातल्या या बाईला तिने ते एकदाही विचारलं नव्हतं. तिला भयंकर लाज वाटली आणि त्याहून भयंकर आनंद झाला.

"तुमचं काही म्हणणं?" मॅडमनी तिला विचारलं.

तिला गप्प बसता आलं असतं. दुसऱ्या कुणीही मूग गिळले असते. पण खोटं नाव देऊन गोष्ट निभावून नेणं तिच्या हाडात नव्हतं.

"मॅडम, खरं सांगायचं तर माझ्या नियमाप्रमाणे ही शिफारसच आहे," ती म्हणाली. "माझ्यासाठी इतकी चांगली शिफारस आजवर कुणी केली नाही. त्यामुळे बाद करायचं असेल तर मला बाद करा, असं माझं मत आहे. फक्त आई जे बोलल्या त्यातला एकही शब्द गाळू नका."

सासूबाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की दुसरी कुणी असती तर तिथेच भस्म झाली असती. "अगं, तुला काही अक्कल आहे का? मी इथे एवढा घसा फोडतेय आणि तू?"

मॅडमनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्यांनी वही ओढली आणि सावकाश लिहायला घेतलं. लिहिता लिहिताच त्या म्हणाल्या, "मत द्यायचं काम संशोधकाचं. अर्थ लावायचं काम आस्थापनेचं. तुमचं मत ऐकलं, फार उपयुक्त आहे. पण मी तक्रार असं लिहितेय." आणि खाली सही करून त्यांनी गठ्ठा सासूबाईंच्या हातात परत दिला.

नेमणुकीचा कागद आला तो एका वर्षाच्या कंत्राटाचा. कायमची जागा असेल असं जाहिरातीत कुठे म्हटलंच नव्हतं, आणि धोरणबाईला तशी आशाही नव्हती. तिने राजधानीतल्या संस्थेला नकार कळवला, खोली सोडली, आणि त्या संध्याकाळी ओट्याशी उभी राहून सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं. वर्षभर ती इथेच, रोज घरी.

"आणि वर्षाने?" भाजी निवडता निवडता सासूबाईंनी विचारलं.

"वर्षाने पुन्हा जाहिरात. पुन्हा मुलाखत."

सासूबाई देठं एका बाजूला, पानं एका बाजूला करत राहिल्या.

"मग मला आधी सांगून ठेव," त्या म्हणाल्या. "तयारी करून येईन मी. त्या दिवशी घाईत निम्म्या तक्रारी सांगायच्या राहूनच गेल्या."

धोरणबाई हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेव्हा सासूबाई तिच्यावर खेकसल्या की रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड, इथे ओट्यावर सगळं सांडतेयस.